कोऱ्या चौकटीतलं वांगं

वर्तमानपत्राचं पान कसं भरावं, हे अख्ख्या कैरोनं माझ्याकडून शिकावं! लढाईचे दिवस होते, लष्करी कायदा होता आणि सेन्सॉर जागा होता. म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत जागा! आमचे सेन्सॉर शुक्री बे कचेरीतच बसत आणि जेवण झालं की लाल टोपी डोळ्यांवर ओढून घोरत. त्यांनी मजकूर कापला, की ती जागा आम्ही तशीच कोरी छापत असू. वाचकांनाही त्याची सवय झाली होती.

त्या दिवशी 'गृहिणीचं सदर' यायचं होतं. लिहिणार आमचीच बायको, इहसान. पण तिच्या बहिणीकडे तान्ता गावी जायचं कबूल करून मी पुन्हा एकदा टाळलं, म्हणून तिनं मजकूरच दिला नाही! यंत्र खोळंबलेलं, संपादक ओरडताहेत. मी ऐटीत म्हटलं, "चौकट कोरी सोडा! लोक समजतील सेन्सॉरनं कापलं. कोण विचारतंय?"

सगळ्यांनी विचारलं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे अंक संपले. मी कॉफीच्या दुकानात शिरलो, तर तिथे हीच चर्चा.

"स्वयंपाकाच्या सदरावर कात्री? म्हणजे धान्य संपलंय!"

"धान्य कसलं घेऊन बसलात! जर्मन आलेत, जर्मन!"

वाण्यानं साखर आत लपवली. माझ्या सख्ख्या सासूनं पिठाची दोन पोती घरी नेली! मी कचेरीकडे धूम ठोकली. कचेरीत पोचतो न पोचतो, तोच शुक्री बेंनी दंड धरून मला जिन्याखाली ओढलं.

"लबीब एफेंदी, आमच्या सेन्सॉर खात्याचे प्रमुख, त्या पाशांचा फोन आला होता. विचारत होते, त्या चौकटीत काय होतं? मी... मी काय कापलं हो?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"आठवलं असतं तर तुमची दाढी धरली असती का? झोपेत कापलं की काय मी! चार मुली लग्नाच्या आहेत. तिकडे लांब अस्वानच्या वाळवंटात धाडतील मला!"

खरं सांगितलं असतं तर बे वाचले असते आणि मी तुरुंगात गेलो असतो. खोटी चौकट छापून शहरात घबराट पसरवली, हा काय लहान गुन्हा!

"पा... पाककृती होती," मी म्हटलं.

"मग आणा की! संध्याकाळच्या आत पाशांना दाखवायचीय!"

मी धावत घर गाठलं.

"अगं इहसान, एक पाककृती दे! नाहीतर मला पकडून नेतील!"

"नेऊ देत. जाताना तान्ता लागतं का बघा."

"तुझ्या पाया पडतो!"

तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सपासप लिहून दिलं. मी न वाचताच पळालो. ती चूक!

शुक्री बे मोठ्यानं वाचायला लागले. "वांगं निवडताना पोट सुटलेलं, डोक्यावर टोपी मिरवणारं, शब्द देऊन फिरणारं निवडावं. आधी टोपी उडवावी. आतला पोकळ गर खरवडून काढावा. भात ठासून भरावा आणि नरम येईपर्यंत विस्तवावर ठेवावं. तोंड वर काढलंच, तर झाकण दाबावं."

हे वांगं कोण, ते मला लगेच कळलं. मी पोट आत ओढलं. पण बे पांढरेफटक पडले होते.

"या अल्ला! हे तर आमचे पाशा! बरं झालं मी कापलं!"

आणि ते तसेच पाशांकडे गेले. मी तासभर नखं खात बसलो. दारात बूट वाजला, की वाटे, आले शिपाई! शेवटी आले ते शुक्री बेच, छाती फुगवून. पाशांनी स्वतःला ताबडतोब ओळखलं होतं! बेंना बढती मिळाली. इहसानला मात्र पकडता येईना, कारण वांगं म्हणजे कोण, हे कोर्टात सांगावं लागलं असतं. म्हणून फक्त तिचं सदर कायमचं बंद झालं.

मी घरी उड्या मारतच गेलो. "सुटलो गं! जीव वाचला! तेवढं तुझं सदर मात्र बंद झालं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं जेवायला हाक मारली. मी हात धुऊन बसलो आणि पाहतो तर पुढ्यात नुसती कोरी थाळी!

"हे काय? आज जेवायला काय आहे?"

"भरलेलं वांगं होतं," ती म्हणाली, "सेन्सॉरनं कापलं."

मी मुकाट्यानं उठलो आणि तान्ताच्या गाडीचं वेळापत्रक शोधायला लागलो.