सतरा खड्ड्यांची ना-हरकत

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गाडी चालवायची असेल, तर कुरवडे गावात त्याला वाटेतल्या खड्ड्यांची ना-हरकत आणावी लागते. नियम साधा आहे. ज्या रस्त्याने जायचं, त्या रस्त्यावरचे नगरपालिकेत नोंद असलेले सगळे खड्डे 'या अर्जदाराने गाडी चालवण्यास आमची हरकत नाही' असं म्हणाले पाहिजेत. एकाने जरी नकाराची मान हलवली, तरी अर्ज फेटाळला.

आता कुणी म्हणेल, खड्ड्यांनाच का विचारायचं? पालिकेने त्याचा पुरता विचार केलेला आहे. म्हाताऱ्याचे हात-पाय शाबूत आहेत का, हे सांगायला त्याला रोज बघणारा कुणी तरी पाहिजे. घरचे खोटं बोलतात. पोलिसाची दोन वर्षांत बदली होते. डांबराचं विचाराल तर ते एक पावसाळासुद्धा नोकरी टिकवत नाही. रस्त्यावर कायम म्हणावेत असे फक्त खड्डेच. तेव्हा सर्वानुमते ठराव झाला आणि लोकांनाही तो पटला. तरण्या लोकांना तर फारच पटला, कारण त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं.

रंगराव खोचरे पंच्याहत्तर वर्षांचे होते. एसटीत चौतीस वर्षं चालक, एकही अपघात नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी चारचाकी घेतली होती आणि ती ते फक्त मंगळवारी बाहेर काढत. बायकोला, अनसूयाबाईंना, सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि परत आणायचं. अंतर दीड किलोमीटर. बाईंचा पाठीचा मणका दबलेला होता. उपचार चुकला तर पायातली ताकद जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मागे एकदा रंगरावांना ताप होता म्हणून त्या रिक्षाने गेल्या, त्या आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायचं त्यांनी तेव्हाच सोडलं. नवऱ्याच्या गाडीत मात्र त्या निवांत बसत आणि वाटेत शेंगा सोलत.

परवान्याची मुदत संपली तसे रंगराव अर्ज घेऊन पालिकेत गेले. तिथे गुरसाळे म्हणून लिपिक होते, खड्डे विभागाचे. माणूस सरळ, पण कागदाच्या बाहेर न जाणारा. त्यांनी अर्ज तपासला, शिक्क्याची पेटी काखेत मारली आणि दोघे पायीच सुनावणीला निघाले. घरापासून दवाखान्यापर्यंत नोंद असलेले सतरा खड्डे होते. तीन महिन्यांच्या आतले धरत नाहीत, ते अज्ञान समजले जातात.

पहिला खड्डा तालमीसमोरचा. गुरसाळ्यांनी वाकून अर्ज वाचून दाखवला.

"ओळख पटत नाही," खड्डा म्हणाला.

रंगरावांना हसू आलं. "काय सांगताय राव! रोज चार फेऱ्या मारल्यात मी तुमच्यावरनं. वीस वर्षं!"

"वरनं नाही," खड्डा शांतपणे म्हणाला. "बाजूनं. तुमची बस मला माहीत आहे. तिचं चाक काही मला माहीत नाही. एकदाही आलं नाही."

"अहो, येईल कशाला? चालवणारा होतो मी!"

"तेच म्हणतोय. ज्याची गाठभेट नाही, त्याच्याबद्दल मी काय लिहून देऊ? उद्या काही झालं तर मला विचारतील."

गुरसाळ्यांनी 'अनोळखी' असा शेरा मारला आणि दोघे पुढे सरकले. सोसायटीजवळचा खड्डा जरा मायाळू होता. तो म्हणाला, माणूस चांगला असेल, नाही असं नाही, पण आमच्यात कधी आला-गेला नाही. तिसऱ्याने तर तोंडच फिरवलं. त्याचं म्हणणं असं की एवढी वर्षं टाळलंत, आता सहीपुरती आठवण आली होय? दवाखान्याच्या दारापर्यंत सतरा शेरे झाले आणि सतराही तेच. रंगरावांच्या डोक्यात तिडीक गेली, पण कुणावर ओरडायचं ते कळेना.

परतताना त्यांनी विचारलं, "मग ते मिरजे? एक्क्याऐंशी वय आहे त्यांचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवा मैलाच्या दगडाला नमस्कार घातला त्यांनी, वर 'कसं काय, बरं आहे ना' म्हणून विचारलं. त्यांना कशी मिळाली ना-हरकत?"

"मिरजेसाहेबांना?" गुरसाळ्यांचा आवाज आदराने खाली आला. "एका सकाळीत मिळाली. असा एक खड्डा नाही की ज्यात ते रोज जात नाहीत. चाक अडकलं की पाच-दहा मिनिटं बसतात, बोलतात. मागच्या महिन्यात पानवाल्याची टपरी पाडली त्यांनी, तर सगळ्या खड्ड्यांनी मिळून त्यांच्या बाजूने पत्र दिलं. टपरी नोंदणीकृत नव्हती, त्यामुळे तिचं म्हणणं घेता आलं नाही."

"मग मी काय करू?"

"सोपं आहे. ओळख-फेरीसाठी अर्ज करा. एका दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो. प्रत्येक खड्ड्यात एकदा गाडी घालायची, म्हणजे ओळख होते. फक्त नेहमीची सवारी गाडीत पाहिजे. एकटा असला की चालक सोंग करतो, असा अनुभव आहे."

"नेहमीची सवारी माझी बायको आहे," रंगराव म्हणाले. "तिला धक्का लागू नये म्हणून तर मी परवाना मागतोय."

गुरसाळ्यांनी नियमाचा कागद काढून पुन्हा एकदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. "त्याबद्दल यात काही नाही," ते म्हणाले.

रंगराव घरी येऊन आडवे झाले ते जेवायलाही उठले नाहीत. एक मंगळवार तसाच गेला, मग दुसरा. दुसऱ्या मंगळवारी अनसूयाबाईंच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता गळून पडली आणि त्यांना ते कळलंच नाही. रंगरावांनी ती उचलून आणली. खाली बसून ती त्यांच्या पायात सरकवली.

बाईच बोलल्या. "घाला एकदा गाडी."

"अगं, सतरा आहेत."

"सतराच ना? तीन बाळंतपणं झाली माझी, तेव्हा कुठे होतात तुम्ही? मुक्कामाच्या गाडीवर. पट्टा आवळून बांधा, दोन उशा द्या पाठीला आणि चला."

"मला जमायचं नाही ते."

"चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या बायका-पोरांना जपून नेलंत की. आता आपल्या बायकोला एकदा आपटून न्या, त्यात काय एवढं?" असं म्हणून त्या हसल्या. पण ओठ पांढरे पडले होते त्यांचे.

फेरीची वेळ शनिवारी सकाळी दहाची ठरली. गुरसाळे पेटी मांडीवर घेऊन पुढे बसले, बाई मागे. तालमीसमोर आल्यावर रंगरावांचे हात सवयीने डावीकडे वळले. त्यांनी ते बळंच सरळ केले, डोळे मिटले आणि गाडी घातली. धाडकन आवाज झाला. मागून एक बारीक हुंकार आला. बाईंनी पदर दातांत धरला होता.

"या, या!" खड्डा म्हणाला. "किती वर्षांनी! हे बघा, एवढंच तर पाहिजे होतं." आणि त्याने आनंदाने संमती दिली. गुरसाळ्यांनी शिक्का मारला.

सोसायटीजवळच्या खड्ड्याने तर बाईंची चौकशी केली. पाठ कशी आहे, औषध कुणाचं चालू आहे, असं सगळं आपुलकीने विचारलं आणि मग बाहेर पडताना चेसिसला खालून एक तडाखा दिला. तिसऱ्याने झालं-गेलं विसरून जाऊ म्हटलं. चौथा, पाचवा, सहावा. रस्त्याकडेला माणसं जमली होती, ती टाळ्या वाजवत होती. 'काका, जमतंय जमतंय!' असा एकाने आवाजही दिला. दहाव्या खड्ड्यानंतर बाईंचा हुंकार बंद झाला. रंगरावांना वाटलं, सवय झाली असेल. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

सोळा शिक्के झाले. शेवटचा खड्डा पोस्टासमोरचा, सगळ्यांत ज्येष्ठ. अकरा वेळा बुजवला आणि अकरा वेळा पुन्हा रुजू झाला. बाकीचे खड्डे त्याचा शब्द मोडत नसत. गुरसाळ्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. रंगरावांनी गाडी त्याच्या रोखाने घेतली आणि सहज आरशात पाहिलं. मागे अनसूयाबाई दोन्ही मुठी सीटवर रोवून अंग अधांतरी धरायचा प्रयत्न करत होत्या. तोंडावर घाम होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या, कारण पुसायला हात मोकळा नव्हता.

रंगरावांनी काही ठरवलं नाही. हातांनीच ठरवलं. गाडी खड्ड्याच्या काठावरून चार बोटं अंतर ठेवून अशी अलगद निघून गेली की गुरसाळ्यांच्या पेटीतला शिक्कासुद्धा वाजला नाही.

"थांबवा," खड्डा म्हणाला. गाडी थांबली. "गुरसाळे, नोंद घ्या. अर्जदाराने मला चुकवलं."

रंगराव दार उघडून खाली उतरले. "चुकवलं! चुकवलंच! बायको आहे माझी आत, पोतं नाही! जन्मभर मी तुम्हाला चुकवत आलो म्हणून हजारो माणसं धड घरी पोचली. लाज वाटली पाहिजे तुम्हाला. रस्त्याचं वाटोळं केलंत आणि वर माझी परीक्षा घेताय?"

खड्डा मात्र शांत होता.

"आपल्या भावना समजू शकतो," तो म्हणाला. "पण प्रश्न सुरक्षिततेचा आहे. आज आपण मला चुकवलंत. उद्या माणूस आडवा आला तर त्यालाही असंच चुकवाल. ही जबाबदारी मी घेऊ शकत नाही. हरकत आहे."

गुरसाळ्यांनी मान डोलावली. त्यांनाही तो धोका आता दिसला. त्यांनी अर्जावर 'फेटाळला' असं लिहिलं आणि वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल हे तोंडी सांगितलं. तात्पुरता परवाना दिवसभराचा होता, म्हणून गाडी घरापर्यंत न्यायला त्यांनी अडवलं नाही.

रविवार-सोमवार अनसूयाबाई पडून होत्या. रंगराव त्यांच्या पायांना तेल चोळत बसत आणि मध्येच उठून अर्जासोबत मिळालेला नियमाचा कागद वाचत. वाचून वाचून त्याच्या घड्या फाटल्या. सोमवारी तिन्हीसांजेला त्यांनी कागद ठेवला, हातपंपाने चाकांत हवा भरली आणि टायर दाबून दाबून पाहिले.

मंगळवारी सकाळी साडेसातला त्यांनी बायकोला मागच्या सीटवर उशांमध्ये निजवलं. किल्ली अर्धी फिरवून स्टिअरिंग मोकळं केलं, गिअर न्यूट्रलला टाकला. मग चालकाचं दार उघडं ठेवून बाहेर उभे राहिले, खांदा दाराच्या खांबाला लावला, एक हात आत घालून स्टिअरिंग धरलं आणि ढकलायला लागले.

गाडी आधी हललीच नाही. मग हलली.

तालमीसमोर त्यांनी ती डावीकडून काढली, सोसायटीजवळ उजवीकडून. खड्डे बघत राहिले. मागे गाड्यांची रांग लागली. जे लोक पारावर बसून 'या वयात कशाला चालवायची गाडी' असं म्हणायचे, तेच आता उठून उभे राहिले. 'वा काका, काय ही उमेद! आजकालच्या पोरांना जमेल का?' असं म्हणत त्यांनी फोटो काढले. एकाने फोटो नीट आला नाही म्हणून दोन पावलं मागे जायला सांगितलं. रंगरावांना श्वास पुरत नव्हता, म्हणून त्यांनी शिवी दिली नाही.

"अहो, दमला असाल तर टेका जरा," आतून बाई म्हणाल्या.

"तू पड गप. लागतोय का कुठं धक्का?"

"एकसुद्धा नाही."

"मग झालं तर."

पोस्टापर्यंत यायला नऊ वाजून गेले. रंगरावांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ज्येष्ठ खड्ड्याला वळसा घालून ते पुढे सरकले, तोच समोरून गुरसाळे धावत आले. कुणीतरी तक्रार केली होती. त्यांनी हात आडवा केला, गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. बॉनेट थंड होतं.

"गाडी चालवताय?" त्यांनी विचारलं.

"नाही. ढकलतोय."

गुरसाळ्यांनी खिशातला कागद काढून वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला. त्यात ढकलण्याला वयाची अट नव्हती. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. खड्ड्याने थोडा विचार केला.

"ढकलायला कुणाचीच हरकत नाही," तो म्हणाला.

मग गुरसाळ्यांनी मागची रांग हाताने थोपवली, शिट्टी मागवली आणि म्हाताऱ्याला दवाखान्यापर्यंत वाट करून दिली.