सुकदेव नानांचं अर्धं गाणं

सुकदेव नाना जिममधला लोखंडी रॉड उचलत नाहीत, वाजवतात.

आमच्या जळगावच्या कॉलनीत, पाइपांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ही जिम आहे. सकाळी सात वाजता तिथे गेलात तर आरशासमोर एक काटकुळे, बासष्टीचे, मिशी रंगवलेले गृहस्थ दिसतील. हातात वजन न लावलेला आखूड रॉड. तो वर जात नाही, खाली येत नाही. नाना तो तोंडासमोर तिरका धरतात आणि त्यावरून नऊ बोटं तुरुतुरु पळत असतात. दहावं, उजवा अंगठा, खालून टेकू देतं.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवून मला तिथे धाडलं, त्या पहिल्याच दिवशी हे दृश्य दिसलं. मला वाटलं, बोटांचा काही आजार असावा. काळजीने विचारलं. नाना डोळे मिटूनच म्हणाले, "गानं धरी राहिनू, भाऊ." म्हणजे स्पीकरवरचं गाणं ऐकून बोटांत पकडत होते.

नाना मूळचे सोनगीरचे. पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात, आता बँडचे मास्टर आहेत. वरातीत पोरांना नवी गाणी लागतात आणि नानांचा सिद्धांत असा, की नवं गाणं आधी जिममध्ये घाम काढतं आणि मग दोन महिन्यांनी वरातीत नाचतं. म्हणून त्यांनी जिम लावली. प्रवेशाच्या फॉर्मवर 'येण्याचा उद्देश' असा रकाना होता. इतरांनी 'वजन कमी करणे' वगैरे लिहिलं होतं. नानांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नवी गाणी'. जिमचा मालक भूषण तो फॉर्म अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

आता ही गाणी कुठे पंजाबी, कुठे इंग्रजी, एखादं थेट कोरियन. नानांना शब्द कळत नाहीत, नाव माहीत नसतं. ज्या व्यायामाच्या वेळी गाणं बोटांत उतरलं, त्या व्यायामाचं नाव ते गाण्याला देतात. एकदा मी त्यांच्या तालमीला गेलो होतो. नाना म्हणाले, आधी पोटऱ्या घेऊ, मग खांदे. ट्रम्पेटवाल्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्टर, छाती कोन्ती पट्टीमा शे?"

आणखी एक गंमत. जिममधली पोरं कुठलंही गाणं मिनिटभराच्या वर ऐकत नाहीत. जो स्पीकरजवळ असेल तो अंगठा मारतो आणि पुढचं लावतो. त्यामुळे नानांच्या बँडकडे पन्नास गाण्यांची सुरुवात होती आणि एकाचाही शेवट नव्हता. फैजपूरच्या एका वरातीत मी हे प्रत्यक्ष ऐकलं. मिनिटा-मिनिटाला गाणं बदलत होतं. मला धास्ती, आता नवरदेवाचा बाप बिघडणार. तर नाचणारी पोरं बेहद्द खूश. आपण ऐकतो तसं वाजवणारा बँड त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

तेव्हा अर्ध्या गाण्यांचं नानांना काही दुःख नव्हतं. पण यंदा त्यांच्या लेकीचं, वैशालीचं लग्न ठरलं आणि एका गाण्याने त्यांना छळायला घेतलं.

वैशाली नर्स आहे. सासर धुळ्याचं मिळालं. युनिफॉर्मला इस्त्री करताना ती एक संथ गाणं गुणगुणायची, पहिल्या दोन ओळी, पुन्हा त्याच दोन ओळी. ते गाणं जिमच्या यादीतही होतं. पण संथ गाण्यावर वजन कोण उचलणार? ते लागलं रे लागलं की कुणाचा तरी अंगठा तयार. "थांब रे भो," म्हणत नाना धावायचे, पोचेपर्यंत ढोल सुरू झालेला असायचा. एकदा तर ते चालत्या ट्रेडमिलवरूनच वळले आणि पट्ट्याने त्यांना मागच्या मागे सतरंजीवर आणून ठेवलं. तेव्हापासून भूषणने त्यांना ट्रेडमिलबंदी केली.

मी म्हटलं, नाना, पोरीला नाव विचारा की. नाहीतर भूषणला सांगा, लावून देईल. परक्याच्या घरी जेवताना लोणचं मागायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्टर गाणं मागत नसतो म्हणाले, ऐकून धरतो. आणि वैशालीला तर कळताच कामा नये. पाठवणीला ते स्वतः वाजवणार होते.

त्या दिवशी तरी बाप म्हणून बसा, वाजवायला बाकीचे आहेत, असं मी म्हटलं. नानांनी रॉड जाग्यावर ठेवला. पस्तीस वर्षं लोकांच्या लेकी वाजवत वाटेला लावल्या, म्हणाले, एकदाही डोळ्यांत पाणी आलं नाही. लोक म्हणतात, मास्टर दगड आहे.

"तोंडमा क्लॅरनेट ऱ्हायनी म्हणजे रडता येस नही, भाऊ. ओठ ढिला पडना का सूर गया." मग म्हणाले, "बाप रडना का पोर गाडीमा बसस नही."

दुसऱ्या दिवशी, नानांची परवानगी न घेता, मी सगळं भूषणला सांगितलं. त्याने वजनं खाली ठेवायला लावली आणि ते गाणं पहिल्यापासून लावलं. सहा दांडगी पोरं, दंडावरचा घाम न पुसता, चार मिनिटं गप्प बसली. एकाचा हात सवयीने स्पीकरकडे गेला, तो शेजाऱ्याने पकडून ठेवला. नाना आरशाकडे पाठ करून उभे होते, रॉडवर बोटं चालवत. गाणं संपलं.

"शेवट तं सोपा शे," नाना म्हणाले, आणि पोरांना त्यांचं खांद्याचं गाणं लावायला सांगून बाथरूममध्ये गेले.

लग्नात थोडी धुसफूस झाली. मुलीच्या बापाने बँडचा कोट घालायचा का, म्हणून त्यांचे मेहुणे अडून बसले. शेवटी डोक्यावर वधूपित्याचा फेटा आणि अंगात सोनेरी दोऱ्यांचा लाल कोट, अशी तडजोड निघाली. नाना दोन्हींत शोभत होते.

गाडी दाराशी लागली आणि त्यांनी क्लॅरनेट ओठाला लावली. दुसऱ्याच सुराला वैशालीने वळून पाहिलं. ती परत आली, वाकली, वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. आशीर्वादाला नानांचा हात मोकळा नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली आणि सूर धरून ठेवला. ती उठली, सरळ जाऊन गाडीत बसली.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली. गाणं शेवटपर्यंत वाजलं, ड्रम थांबले. लोक पांगू लागले. नाना मांडवाच्या तोंडाशी तसेच उभे होते, बोटं जागच्या जागी, आवाज नाही. मेहुणे त्यांना जेवायला बोलवायला निघाले, तर ट्रम्पेटवाल्याने त्यांना हळूच बाजूला घेतलं.

बराच वेळ नानांनी क्लॅरनेट तोंडातून काढली नाही.