समग्र राधाकिशन

केशरबाईंनी ती काळी पेटी आधी हलवून पाहिली, मग कानाशी धरली आणि शेवटी तिच्यावर टिचकी मारली. पेटीच्या झाकणावर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. तरुणपणचा. केस खांद्यापर्यंत, गळ्यात गिटार, डोळे मिटलेले आणि तोंड असं उघडं, की दाढ दुखत असावी. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘समग्र राधाकिशन’.

“अवं, हाय काय ह्यात?”

“म्या,” राधाकिशनराव म्हणाले. त्यांचा स्वतःचाही अजून विश्वास बसला नव्हता. “म्हंजे माजं आजवरचं सगळं वाजवणं. सा सीड्या हायत, आन फोटूचं पुस्तक.”

“आन हे घेनार कोन?”

“जर्मनीत घेतलंय म्हनं लोकांनी.”

केशरबाई मटकन खाली बसल्या. ज्या माणसाचं वाजवणं राणीसावरगावात कुणी फुकट ऐकून घेतलं नव्हतं, ते कुठल्या तरी थंडीच्या मुलखातली शहाणी माणसं पैसे मोजून ऐकतात, हा धक्का साधा नव्हता. त्या तांब्याभर पाणी प्यायल्या, तेव्हा कुठे जीव ठिकाणावर आला.

राधाकिशनराव बिघडले ते हैदराबादला. तरुणपणी मामाकडे गेले असताना एका हॉटेलात त्यांनी लांब केसांच्या पोरांना विजेवरची गिटार बडवताना पाहिलं आणि परत येताना एक जुनी गिटार आणि पोत्याएवढा भोंगा घेऊनच आले. गावात रॉकला जागा नव्हती, म्हणून ते लग्नाच्या बँडमध्ये शिरले. क्लॅरिनेटवाला दम खायला थांबला, की हे डोळे मिटून आपलं सुरू करायचे. घोडा बुजायचा, करवल्या पळायच्या, भटजी आकाशाकडे बघायचे. तरी चाळीस वर्षं ते तालुक्यातल्या लग्नांत वाजवत राहिले, कारण लिंबाजीचा मंडप सांगितला की मंडपासोबत चटया याव्यात तसे राधाकिशनराव यायचेच. लिंबाजी त्यांचा दोस्त होता.

या लिंबाजीला एक खोड होती. लग्न उरकलं की वधूपिता हमखास म्हणायचा, “तुजा माइक मंगलाष्टकाला बंदच व्हता.” म्हणून पुरावा असावा यासाठी तो प्रत्येक लग्न कॅसेटवर भरून ठेवायचा. एक माइक भटजींपुढे आणि दुसरा सुतळीने राधाकिशनरावांच्या भोंग्यापुढे बांधलेला. परभणीच्या सुकेशनीला, जुनी रेकॉर्डिंग धुंडाळत हिंडणाऱ्या त्या मुलीला, लिंबाजीच्या गोदामात या कॅसेटींची अख्खी ट्रंक सापडली. ती रडली म्हणे. मग तिने पुण्याला जाऊन सगळं कंप्युटरवर धुऊनपुसून काढलं आणि ही पेटी केली.

“सोहळा करू काका,” ती म्हणाली, “तुमच्याच गावात.”

केशरबाईंनी सोहळ्याला होकार दिला, पण अट घातली. ज्या कोपऱ्यात तो भोंगा बसला होता, तिथे त्यांना फ्रीज ठेवायचा होता.

“लोकायनी टाळ्या वाजविल्या तर ऱ्हाऊ द्या ते डबडं. हासले तर उद्याच्याला गिटार आन भोंगा दोनी माळ्यावर. पुन्हा हात लावायचा न्हाई.”

“बरं,” राधाकिशनराव म्हणाले. बायकोला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती. लग्नापासून ते तिच्यापुढे अपराधी होते. केशरबाईंच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, की मुलगा एसटीत नोकरीला आहे. कुणी सांगितलं ते कधीच कळलं नाही, पण मुलगी दिल्यावर मुलगा वाजवणारा निघाला. “मला कोनी इचारलं बी न्हाई, दावनीला बांदून टाकलं,” हे वाक्य राधाकिशनरावांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की आमटी खारट झाली तरी ते मुकाट्याने भुरकायचे. नवऱ्याने गिटार उचलली, की केशरबाई गादीतला कापूस ओढून कानात बोळे घालायच्या. तिने एकदा, फक्त एकदा, बोळे काढून एखादं गाणं पुरतं ऐकावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती. गिटार माळ्यावर गेली, की तेही संपणार होतं.

सोहळा मारुतीच्या देवळापुढे झाला. मंडप अर्थात लिंबाजीचा. अध्यक्ष व्यंकटराव, गावातलं मोठं प्रस्थ. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे व्याही बन्सीधर, खास गंगाखेडहून आलेले. पहिल्या रांगेत केशरबाई नवं लुगडं नेसून, कानांत कापसाचे टपोरे बोळे घालून बसल्या होत्या. शेजारी त्यांची बालमैत्रीण बायनाबाई. दोघी पेडगावच्या आणि दोघी याच गावात दिलेल्या.

व्यंकटरावांनी शाल घातली, नारळ दिला आणि मोकळ्या मनाने भाषण केलं. “आमच्या घरच्या परतेक कार्यात राधाकिशनच वाजवायला व्हता. आमच्या पोरीच्या लग्नातलं वाजवणं तर मला अजून आठवतंय. लावा, तेच लावा!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. राधाकिशनरावांनी चोरून केशरबाईंकडे पाहिलं. टाळ्या तिने पाहिल्या होत्या. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

लिंबाजीने सीडी लावली. गिटार सुरू झाली आणि काय सांगावं, खरोखर सुरेख वाजत होती. घोडा नाही, गोंधळ नाही, धुतलेल्या काचेसारखे स्वच्छ सूर. बन्सीधरांनी तर मान डोलवली. आणि मग त्या सुरांमधून, अगदी कानाशी बोलावं तसा, व्यंकटरावांचा तरुण आवाज आला.

“इवाई निव्वळ बैल हाय रे. आंदन दिलेली गाय त्यानं नीट बगितली बी न्हाई. दोन सालापासून भाकड हाय ती!”

व्यंकटरावांचं तोंड उघडं राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नघरात गुपित बोलायला जागा कुठे असते? खोल्यांत बायका, ओसरीवर म्हातारे, न्हाणीपुढे रांग. अख्ख्या लग्नात एकच ठिकाण असं होतं, की जिथे ओरडलं तरी दुसऱ्याला ऐकू जात नसे. ते म्हणजे राधाकिशनरावांचा भोंगा. तेव्हा कुणाला काही खासगी बोलायचं असलं, की तो दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणायचा, “चल, राधाकिशनपशी.” आणि मग दोघं भोंग्याला खेटून, सुतळीने बांधलेल्या माइकसमोर उभे राहून, मन मोकळं करायचे. गेली चाळीस वर्षं सगळा तालुका तिथे मोकळा होत होता. तेव्हा त्या आवाजात काही कळलं नसतं, पण सुकेशनीच्या कंप्युटरने गहू एकीकडे आणि खडे एकीकडे करावेत तसे सगळे आवाज निवडून काढले होते.

“हे बोलणं कामून ठिवलंस गं माय?” राधाकिशनराव पांढरे पडून म्हणाले.

“काका, लग्नाचं वातावरण म्हणून ठेवलं. कोण कुणाविषयी बोलतंय ते मला कुठे ठाऊक?” सुकेशनी घाबरून म्हणाली. “जर्मनीत लोकांना फार आवडलं.”

जर्मनीत कुणाला मराठी येत नव्हतं, हे किती बरं होतं ते आता कळत होतं.

बन्सीधर उठून उभे राहिले. “भाकड? आन मी समजलो, आमच्या घरी येऊन आटली!”

त्यांच्या मागून त्यांची बायको कमलबाई उभी राहिली. ती आवाज न चढवता बोलली, म्हणून जास्तच भीती वाटली. “गाय माज्या हातानं आटली म्हून मला पांढऱ्या पायाची म्हनलाव न तुमी? तुमच्या मायनं वरीसभर माज्या हातचं दूद घेतलं न्हाई.”

“मला काय ठावं...” बन्सीधर म्हणाले, पण पुढचं वाक्य सीडीने पूर्ण केलं. गिटार जरा वर चढली आणि तिच्या खालून बन्सीधरांचाच आवाज आला, “पोरगं बारावीला तीनदा बसलंय, पर म्या इवायाला सांगितलं कालेजात हाय म्हून.”

आता तोंड उघडं पडायची पाळी बन्सीधरांची होती.

“अगाई!” कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मंडप हसला. साधा नाही, मागच्या रांगेतली माणसं खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसला. राधाकिशनरावांनी डोळे मिटले. गेली, गिटार माळ्यावर गेली.

पण हसू फार टिकलं नाही. हसता हसता एकेकाला आठवायला लागलं, की आपणही कधीतरी भोंग्याला खेटून उभे होतो. कोणाच्या लग्नात? काय बोललो होतो? शेजाऱ्याविषयी की सासूविषयी? चेहरे उतरले. पोलीस पाटलाने हळूच पायताणं शोधायला सुरुवात केली. एकजण स्टेजवर चढून लिंबाजीच्या कानाला लागला, “माजं सोडून दुसऱ्याचं लाव.” तेवढ्यात दुसरा चढला, “त्याचंच लाव, त्यो येगळं काईतरी बोलला व्हता.” ओढाताणीत बटण दाबलं गेलं, सीडी बदलली आणि सुरू झालं ते सगळ्यात जुनं, राधाकिशनरावांच्या विशीतलं, पेडगावच्या कुठल्याशा लग्नातलं वाजवणं.

गिटार कच्ची होती, पण जोरात होती. तिच्याआड दोन पोरी खिदळत होत्या.

“बायने, त्यो बग. झिपऱ्यावाला. त्योच पायजे मला.”

“येडी का काय तू? वाजवनारं हाय ते.”

“म्हनूनच. तू माज्या बापाला सांग, पोरगा एसटीत नोकरीला हाय म्हून. न्हाईतर बाप द्यायचा न्हाई.”

“आन नंतर कळल्यावर?”

“नंतर म्या रडून दावीन. म्हनीन, मला कोनी इचारलंच न्हाई.”

बायनाबाईंनी दोन्ही हात गालांवर मारून घेतले. “अगं बया! ही तर केशर!”

भांडणं जागच्या जागी थांबली. सगळा मंडप वळून केशरबाईंकडे बघायला लागला. चाळीस वर्षांच्या खारट आमट्या राधाकिशनरावांच्या डोळ्यांपुढून सरकत गेल्या. एसटीची थाप मारणारा तो हलकट, ज्याला त्यांनी मनात लाखो शिव्या घातल्या होत्या, तो रोज त्यांच्यासमोर पानात भाकर वाढत होता.

केशरबाई निवांत बसल्या होत्या. सगळे बघतायत म्हटल्यावर त्यांनी पदर सावरला आणि बोळे घातलेला माणूस बोलतो तसं मोठ्याने विचारलं, “काय झालं? माज्याकडं काय बगायलाव?”

बायनाबाईंनी तोंड उघडलं, पण राधाकिशनरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. सांगितलं असतं तर एका वाक्यात चाळीस वर्षांची फिटंफाट झाली असती. पण इतक्या लोकांत तिची मान खाली जाईल, हे त्यांच्याने बघवलं नसतं.

“काई न्हाई गं,” ते ओरडून म्हणाले. “माजं वाजवणं चालू हाय.”

सोहळा तिथेच आटोपला. सुकेशनीने विक्रीला आणलेल्या पेट्यांपैकी मात्र एकही उरली नाही. निम्म्या व्यंकटरावांनी घेतल्या, दुसऱ्या कुणाला मिळू नयेत म्हणून. उरलेल्या लोकांनी घेतल्या, व्यंकटरावांचं आणखी काय आहे ते ऐकायला.

दिवेलागणीला राधाकिशनराव घरी आले आणि न बोलता भोंग्याची वायर गुंडाळायला लागले. लोक हसले होते. अट ती अट. माळ्याला शिडी लावली, तशा केशरबाई चुलीपुढून उठून आल्या. बोळे अजून कानात होते.

“ऱ्हाऊ द्या तितंच.”

“आन फ्रीज?” त्यांनी हातवारे करून विचारलं.

“सैपाकघरात बसतोय.” त्या परत वळल्या, जरा घुटमळल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “आन ती बायना लय लबाड हाय. ते एसटीचं तिनंच सुचविलं व्हतं. तेवडंच नेमकं टेपात आलं न्हाई.”

राधाकिशनरावांच्या हातातून वायर गळून पडली.

“तुला... तुला आयकू आलं?”

“कापूस हाय त्यो. भिंत हाय का?”

“म्हंजे आजवर... परतेक वेळी...?”

“तर काय! त्या पाटलाच्या राजेश्रीच्या वरातीत घोडा बुजला, तवा वाजवलं व्हतं न, ते लय झ्याक व्हतं. पुन्हा कदी वाजविलं न्हाई तुमी.”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी वायर पुन्हा जोडली, गिटार गळ्यात अडकवली आणि म्हणाले, “केशर, आज तरी ते बोळे काड.”

केशरबाईंनी एक एक करून दोन्ही बोळे काढले, मुठीत धरले आणि भिंतीला टेकून बसल्या. राधाकिशनरावांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि वाजवायला घेतलं. फळीवरची भांडी थरथरली. गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली.

दोन मिनिटं गेली असतील. केशरबाईंनी बोळे शांतपणे परत कानात घातले.

“न्हाई बाई,” त्या म्हणाल्या. “हे कापसातूनच ग्वाड लागतंय. थांबू नका, वाजवा.”