पाय उचललेला गेम

यंदा खरसवाडीच्या जनावरांच्या प्रदर्शनात खिल्लार खोंडांच्या मागे व्हिडिओ गेमांची रांग उभी होती. वेगळा फॉर्म छापायला वेळ मिळाला नाही, म्हणून मी जनावरांच्याच फॉर्मवर गुण लिहीत होतो. परीक्षक नामदेव लवटे. चाळीस वर्षं बैल पारखलेला माणूस. सगळे त्यांना दादा म्हणतात आणि त्यांच्यापुढे वशिला चालत नाही.

पहिला गेम पुण्याच्या कंपनीचा. टेंपोतून उतरवायला आठ माणसं लागली. अंगावरचा केस न् केस वेगळा दिसत होता. सकाळचे दहा वाजले होते, तरी त्याच्या पाठीवर संध्याकाळचं ऊन होतं.

"देखणं हाय," दादा म्हणाले. "पैकीच्या पैकी लिवा."

मी 'कांती'च्या रकान्यात दहा लिहिले. मग दादांनी जबडा उघडला.

"दात?"

"दात वेगळे घ्यावे लागतात," कंपनीचे निनाद केतकर म्हणाले.

"आन् मागचा डावा पाय?"

"पुढच्या महिन्यात अपडेटमध्ये येईल, सर."

"तीन पायांवर परदर्शनाला आणलं?"

"सगळेच आणतात, सर."

हे खरं होतं. रांगेत पुरे चार पाय फार थोड्यांना होते.

शेवटची परीक्षा आमच्याकडची जुनी आहे. परीक्षक कासरा धरून मैदानाची फेरी मारतो, मध्येच कासरा टाकतो आणि पाठ फिरवून चहाला जातो. जनावराने मागे यायचं नाही. दादांनी कासरा टाकताच पुण्याच्या गेमने त्यांचं धोतर धरलं.

"आज गेलात तर सात दिवसांची हजेरी तुटेल," तो म्हणाला.

दादा दोन पावलं सरकले, तर त्याने सोन्याची घंटा देऊ केली. पाऊण तास गेला, चहा निवला. पुढच्या गेमांनीही तेच केलं. धोतराची कड उसवली.

सर्वांत शेवटी हेमलता ढेंबरे आली. ती दूध डेअरीत फॅट मोजते आणि उरल्या वेळात तीन वर्षं खपून तिने एकटीने हा गेम केलेला. अंगाने लहान, बरगड्या दिसणारा. एक म्हातारी आपली हरवलेली शेळी शोधते, एवढीच त्यात गोष्ट.

"दादा, नंबर न्हाई आला तर सोमवारी सर्व्हरवाले ह्येला बंद करत्यात," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं, पण फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

दादांनी अर्धी फेरी मारली, कासरा टाकला आणि चहाला गेले. गेम काही बोलला नाही. चहानंतर सरपंचांनी दादांना जेवायला नेलं, जेवणानंतर लिंबाखाली त्यांचा डोळा लागला.

"अगं, हाक मारायला सांग की त्याला!" लोक म्हणाले.

"हाक मारायला शिकवलंच न्हाई मी," हेमलता म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

चार वाजता दादांना आठवण झाली. गेम तिथेच होता. कासरा टाकला तेव्हा पुढचा उजवा पाय उचललेला होता, तो तसाच वीतभर वर. दादांनी कासरा उचलला. गेमने पाय टेकवला आणि फेरी पुढे चालू झाली. म्हातारीला शेळी सापडली. दादांनी डोळे पुसले, तेही सगळ्यांदेखत.

"दोष?" मी विचारलं.

"बरगड्या दिसत्यात. आवाज बारीक. पळाय येत न्हाई."

"गुण?"

"मला जेवाय सोडलं. पहिला नंबर लिवा."

"आमचं काय, सर?" केतकरांनी विचारलं.

"तुमचं जनावर गुणी हाय. दात बसवा, पाय आणा आन् धोतर सोडाय शिकवा. पुढल्या वर्षी बघू."

केतकरांनी ते लिहून घेतलं आणि सोडायला कसं शिकवायचं, हे विचारायला हेमलताकडे गेले.

गुलाल उधळला, हलगी लागली, मिरवणूक निघाली. पहिल्या नंबराच्या पुढे कोणी जायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. वेशीपाशी हेमलताने कासरा टाकला. सकाळपासून ती उपाशी होती. गेमचा पाय हवेत थांबला, त्याच्यामागे हलगी थांबली, आणि सगळं गाव थांबलं.

तिने दगडावर बसून, सावकाश, दोन भाकरी खाल्ल्या.