सुधाकरभाऊंचा फाटका भाता

आमच्या शेजारचे सुधाकरभाऊ रोज संध्याकाळी पेटी वाजवतात आणि त्या पेटीतून आवाज येत नाही.

पेटीचा भाता फाटलेला आहे. हवाच भरत नाही, तर सूर कुठून निघणार? पण भाऊ पुढच्या खोलीत सतरंजी टाकतात, पेटीला हात जोडतात आणि दिवेलागणीपर्यंत पट्ट्या दाबत बसतात. बाहेर ऐकू येते ती नुसती टकटक. गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याला वाटतं, इथे अर्ज टाइप करून मिळतात. एक जण तर घरभाड्याचे कागद घेऊन थेट आत गेला होता. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि अख्खा यमन ऐकवला. तो बिचारा काहीही ऐकू न येता मान डोलावून परत आला.

त्याच वेळी आतल्या खोलीत त्यांची मोठी बहीण, सुमनताई, पोरींना गाणं शिकवत असते. अर्ध्या यवतमाळच्या मुली ताईंकडे शिकल्या. आत ताईंचा खणखणीत आवाज, बाहेर भाऊंची टकटक. मध्येच एखाद्या जागी ही टकटक एकदम जोरात होते, पट्ट्यांशी भांडण झाल्यासारखी. मग पुन्हा हळू. मला वाटायचं, वय झालं, बोटं घसरत असतील.

"भाऊ, पेटी दुरुस्त का करत नाही?" असं त्यांना विचारू नये. मी विचारलं आणि फसले.

"खरं सांगू का मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाले सांगू नोका. उंदीर. सरकीवर वाढलेला उंदीर होता तो. त्याले चामडं नवीन लागलं."

मी शाळेत इतिहास शिकवायचे. पुरावा दिसला नाही की माझ्या जिवाला चैन पडत नाही. पण उंदराचा पुरावा काय मागणार? मी विषय सोडून दिला. तो पुन्हा गळ्यात पडला गोदामामुळे.

गोदाम म्हणजे आमच्या गावातला गाण्याचा हॉल. दारावर 'संगीत सभागृह' अशी पाटी आहे, ती फक्त पाहुणे वाचतात. मुळात ते रुईच्या गाठी ठेवायचं गोदाम. एका शेठला गाण्याचं वेड होतं, त्याने हंगाम संपला की तिथे बैठका सुरू केल्या. पुढे हंगामातही गाणं बंद ठेववेना, तेव्हा लोक गाठींवर बसून ऐकू लागले. कापूस सगळा आवाज पिऊन टाकायचा, त्यामुळे गाणाऱ्याला छाती फोडून गावं लागे. तंतू नाकात गेले की श्रोते शिंकत, आणि बाहेरगावच्या गवयांना ती दाद वाटे. मग गाठी गेल्या, खुर्च्या आल्या, पंखे आले, आणि एक दिवस गाणंच गेलं. कितीतरी वर्षं तिथे लग्नाची भांडी पडून होती. यंदा गावातल्या मंडळींनी ते झाडूनपुसून पुन्हा सुरू करायचं ठरवलं. पहिल्या कार्यक्रमात सुमनताईंचा सत्कार, आणि त्याआधी गोदामाचा इतिहास सांगायचा मी.

"इतिहास सुधाकरभाऊंना विचारा," सगळे म्हणाले आणि हसले.

हसले, कारण गोदामाच्या इतिहासातला सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग भाऊंचाच आहे. सुमनताईंचं पहिलं जाहीर गाणं, कोजागिरीची बैठक, साथीला धाकटा भाऊ, आणि ऐन रंगात पेटीचा भाता टरकन् फाटला. गाणं तिथेच बंद. आजही मांडवात जनरेटर बंद पडला की आमच्याकडे माणूस म्हणतो, "झाला सुधाकरचा भाता."

मी वही न घेता, नुसत्या कानांनी भाऊंकडे गेले. पहिल्या दिवशी उंदीर होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "खरं सांगू का? नेरहून येताना पेटी एसटीच्या टपावरून पडलती." मग ती अर्धी बैठक कशी वाजली? तर "तिची हिंमत," म्हणे. तिसऱ्यांदा उमरखेडचे एक जाडजूड पाहुणे निघाले, ते स्टूल समजून पेटीवर बसले होते. चौथ्यांदा भात्याचं चामडं चिकटवलेला सरस उन्हानं वितळला.

"कोजागिरीला ऊन, भाऊ?"

"यवतमाळचं ऊन आहे जी, त्याले पंचांग कोण दाखवते?"

आतून सुमनताई ओरडल्या, "त्याले कायले विचारता मॅडम? पेटीवर कापड टाकत जा म्हणून कितीदा सांगितलं होतं मी. मी तं चांगली गाऊन राह्यली होती." भाऊ खाली मान घालून बसले. ही बोलणी ते जन्मभर खात आलेत.

शेवटी मी गुलाबकाकांना गाठलं. त्या कोजागिरीला तबल्यावर तेच होते. आता कानानं अधू आहेत, तोंडानं नाहीत. ते म्हणाले, "भाता फाटला तो मागून. त्याच्या आधी पेटी अन् मी, आम्ही दोघंच वाजून राह्यलतो. मले वाटलं, सुमनताई दम घेऊन राह्यली."

आता मात्र मी पुरती गोंधळले. पेटी फाटली म्हणून गाणं थांबलं, हे सारं गाव सांगतं. आणि इथे गाणं आधी थांबलेलं. तशीच उठले आणि भाऊंच्या दारात जाऊन विचारलं, "आधी काय थांबलं? गाणं की पेटी?"

भाऊंनी आतलं दार लोटून घेतलं. मला फाटकापर्यंत नेलं. या वेळी ते 'खरं सांगू का' म्हणाले नाहीत.

"अंतरा गेला तिचा," ते म्हणाले. "मुखडा झाला, अंतऱ्यावर आली, अन् काहीच आठवेना. मी सूर देऊन राह्यलो, जोरात देऊन राह्यलो. नाहीच. समोर आमचे बाबा. त्यायनं घरून निघतानाच सांगितलं होतं, एक डाव गाऊ देतो, फजिती झाली तं पुन्हा गाण्याचं नाव नाही. ते उठाले लागले होते, मॅडम."

"मग?"

"मग मी भाता ओढून फाडला." त्यांनी डावा हात झटकन् मागे नेऊन दाखवला. "लोक हसले. बाबायनं घरी येईपर्यंत मले शिव्या देल्या. पण दोष पेटीचा निघाला ना, मग तिले पुन्हा गाऊ देणं भाग होतं. पुढच्या बैठकीले नेरचा पेटीवाला आणला. काय गायली ती."

"आणि तुम्हाला पुन्हा साथीला?"

"फाटक्या भात्याले कोण बोलावते जी?"

मी मागे वळून दाराकडे पाहिलं. "ताईंना माहीत नाही?"

"त्या गोंधळात तिचं तिलेच कळलं नाही. तिले वाटते, पेटी फाटली म्हणून ती थांबली. तसंच वाटू द्या. समजलं तं म्हणन, माझं सारं गाणं तुझ्या खोटेपणावर उभं आहे. अन् पोरीयले शिकवणं बंद करन. अशी आहे ती."

"म्हणून दुरुस्त नाही केली?"

"कारागीर येईन, भाता पाहीन, अन् तिच्यासमोर म्हणन, हा तं हातानं ओढलेला आहे. त्याचं तोंड कोण धरन?"

"आणि तो उंदीर, ती एसटी?"

"एकच कारण सांगितलं असतं तं लोकायनं तपासलं असतं."

आत ताईंचं शिकवणं सुरू झालं होतं. भाऊ घाईनं जाऊन पेटीशी बसले. ताई अंतऱ्यावर आल्या आणि टकटक जोरात झाली. बोटं घसरत नव्हती. ते अजून तिला सूर देत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी गोदाम भरलं होतं. पहिल्या रांगेत शाल पांघरून सुमनताई, मागे दारापाशी भाऊ. मी गाठी सांगितल्या, शेठ सांगितला, शिंका सांगितल्या. कोजागिरीवर आले तसं दारापाशी बसलेल्या माणसानं डोळे मिटून घेतले. आयुष्यभर पोरांना पुरावा मागून छळलेली बाई मी. माइक हातात घट्ट धरला आणि म्हणाले, "पुष्कळ शोध घेतल्यावर माझी खात्री झाली आहे. उंदीर होता. याच गोदामातला, सरकीवर वाढलेला."

लोक पोट धरून हसले. गुलाबकाकांना ऐकूच गेलं नाही, तरी तेही हसले.

कार्यक्रम संपल्यावर ताई हार सांभाळत भावाकडे गेल्या. "पाहा, आता मॅडमही म्हणून राह्यल्या. तेव्हा पेटीवर कापड टाकलं असतं तं काय झालं असतं तुले?"

भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं. चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"चुकलं, ताई," ते म्हणाले आणि तिच्या हातातला हार घेऊन मागे मागे चालू लागले.