तुमचं लाल, माझं लाल

मी एखादी गोष्ट हातात घेतली की तडीस नेते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे वाचनालयाच्या दारावर ‘दहा गुरुवारांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञान’ अशी पाटी दिसली तेव्हा मी त्याच पावली नाव घातलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “दहा आठवड्यांनी मला काहीही विचारा.”

“आत्ताच विचारते,” सासूबाई म्हणाल्या. “गुरुवारी दुकान कोण बंद करणार?”

आमचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत मी डोळे तपासते, मागच्या खोलीत नवरा काचा घासतो आणि काउंटरवर सासूबाई बसतात. अठरा वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत आले आहे: “आता बरं दिसतं, की आता?”

पहिले दोन गुरुवार मजेत गेले. शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. आवाज असा की शेवटच्या रांगेतली डुलकीसुद्धा उठून उभी राहावी. त्यांनी सांगितलं, माणसाला ज्ञान कुठून होतं यावर तिकडे दोन तट पडले. एक तट म्हणे, खरं ज्ञान बुद्धीतून येतं, डोळे आणि कान हे फितूर साक्षीदार. हा बुद्धिवाद. दुसरा म्हणे, मन जन्मतः कोरी पाटी, तिच्यावर लिहितात ती इंद्रियंच. हा अनुभववाद. मी अर्थातच अनुभववादी निघाले, आमचं पोटच डोळ्यांवर. नवरा बहुधा बुद्धिवादी असावा, कारण नाकासमोरचा टॉवेल त्याला दिसत नाही.

तिसऱ्या गुरुवारी संशयवाद आला आणि घोळ झाला.

बाईंनी टेबलावर एक टोमॅटो ठेवला. “ह्याचा लाल रंग कुठे आहे? टोमॅटोत, उजेडात, की तुमच्या डोक्यात?” मग माझ्याकडेच वळल्या. “समजा, तुम्हाला जसं हिरवं दिसतं तसं मला हे दिसतंय. पण लहानपणापासून मी ह्यालाच ‘लाल’ म्हणायला शिकलेय. आपल्या दोघींना हा फरक कधी कळेल का?”

मी खूप डोकं चालवलं. नाही कळणार. म्हणजे अठरा वर्षं मी लोकांना काय दिसतं ते तपासत होते, आणि त्यांना काय दिसतं ते मला ठाऊकच नव्हतं. आपल्या धंद्याला एवढं मोठं भोक असावं आणि कुणी सांगूही नये?

सोमवारी ‘चौदा नंबर’ आला. चौदा नंबरची बस चालवतो म्हणून आम्ही त्याला तसंच म्हणतो. बावीस वर्षं गाडी चालवतोय, साधा ओरखडा नाही. डेपोच्या सगळ्या ड्रायव्हरांची वर्षाची तपासणी आमच्याकडेच असते. त्यानं अक्षरं वाचली, ठिपक्यांच्या पुस्तकातले रंगीत आकडे धडाधड ओळखले. मी दाखल्यावर सही केली. तिथेच गप्प बसायचं होतं. पण ज्ञान म्हणजे उकळतं दूध, उतू जाणारच.

“एक विचारू?” मी म्हटलं. “तुम्हाला जे लाल दिसतं, ते सगळ्यांना दिसतं तेच लाल आहे हे कशावरून?”

तो थबकला. “म्हणजे? मला वेगळं दिसतं?”

“असेलही. कळायला मार्गच नाही.”

“तुम्ही तपासूनही?”

“मी तपासूनही.”

त्यानं हातातला दाखला उलटसुलट करून पाहिला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, चला, एका माणसाला विचाराची गोडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपो मॅनेजरचा फोन. “मॅडम, चौदा नंबर गाडी काढायला तयार नाही. म्हणतो, मला दिसतं ते लाल आहे याची खात्री नाही, मॅडम स्वतः म्हणाल्या. मागं साठ माणसं बसवून मी कसा जाऊ?”

“अहो, त्याचे डोळे उत्तम आहेत.”

“मग त्याला लाल दिसतं असं समजू ना?”

आता इथे ‘हो’ म्हणाले असते तर प्रकरण मिटलं असतं. पण बाईंनी बजावलं होतं, ज्याची खात्री नाही त्याला ज्ञान म्हणायचं नाही. मी म्हटलं, “काटेकोर बोलायचं तर तसं कुणाबद्दलच सांगता येणार नाही.”

“कुणाबद्दलच? तुम्ही पास केलेल्या बाकीच्यांबद्दलही?”

“बाकीच्यांबद्दलही. तुमच्याबद्दलही.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

तासाभरात चौदा नंबर धरून डेपोचे सतरा ड्रायव्हर आमच्या दुकानात. बाकावर बसले, पायरीवर बसले, दोघं आरशासमोर उभं राहून एकमेकांचे डोळे तपासू लागले. बाहेर थांब्यावर माणसांची रांग वळणापर्यंत गेलेली. सासूबाईंनी काउंटरवरून विचारलं, “हे सगळे काय करायला आलेत?”

“त्यांना लाल दिसतं की नाही ते बघायला.”

“दिसतं का?”

“तोच तर प्रश्न आहे, आई.”

मॅनेजरही आला. चेहरा लाल, निदान मला तरी. त्यानं कागद पुढे केला. “लिहून द्या. ‘सर्व चालकांना लाल रंग दिसतो याची मी खात्री देते.’ की लगेच गाड्या सोडतो.”

मी पेन उचललं आणि हात अडला. कर्तव्यवादी म्हणतात, परिणाम काही होवो, खोटं बोलायचं नाही. उपयुक्ततावादी म्हणतात, जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल ते करा. हे दोन्ही पक्ष आमच्या वर्गात सातव्या गुरुवारी यायचे होते, मी पुस्तकात पुढचं पान चाळून ठेवलं होतं. अर्धवट चाळलेलं पान फार वाईट.

तेवढ्यात धापा टाकत बाई आल्या. बस नाही म्हणून चालत निघालेल्या, आणि वाटेत कुणीतरी सांगितलं, चष्मेवालीनं गाड्या बंद पाडल्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांचे डोळे चमकले. “म्हणजे टोमॅटो इथवर पोचला?”

चौदा नंबर उठून उभा राहिला. “बाई, कोड्यात बोलू नका. मी गाडी चालवू की नको?”

“संशय हे शोधण्याचं साधन आहे,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर... मला जरा बसू द्या.”

सासूबाई काउंटरमागून बाहेर आल्या. त्यांनी चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांचं खोकं जमिनीवर ओतलं. लाल आणि हिरवे, शंभरेक डबे. “लाल इकडे, हिरवे तिकडे. चला.”

सतरा माणसं उकिडवी बसली. पाच मिनिटांत दोन ढीग. एकही डबा चुकला नाही.

“झालं,” सासूबाई म्हणाल्या. “डोक्यात कसं दिसतं ते ज्याचं त्याला. गाडी थांबायच्या जागी थांबते ना?”

मी कागदावरचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘हे सर्व चालक लाल आणि हिरवा अचूक वेगळे ओळखतात.’ ह्यात खोटं काहीच नव्हतं. मॅनेजरनं कागद जवळजवळ हिसकावला. दहा मिनिटांत दुकान रिकामं.

फक्त चौदा नंबर दारात रेंगाळला. म्हणाला, “काल घरी गेल्यावर बायकोला विचारलं, तुझा हा स्वेटर तुला कसा दिसतो? लग्नाच्या सव्वीस वर्षांत मी असं कधी विचारलंच नव्हतं. आम्ही जेवण होईपर्यंत त्यावरच बोलत होतो.” मग जरा लाजून, “हा वर्ग कुठे असतो म्हणालात?”

तो चौथ्या गुरुवारपासून पहिल्या रांगेत बसायला लागला. प्रश्न असे विचारी की बाई खडू खाली ठेवत. आठव्या गुरुवारी नियतिवाद झाला: जे घडतं ते आधीच्या कारणांनी ठरलेलंच असतं. शुक्रवारी पुन्हा फोन.

“मॅडम, चौदा नंबर आज वीस मिनिटं उशिरा आला,” मॅनेजर थकलेल्या आवाजात म्हणाला. “म्हणतो, माझा इलाज नव्हता. विश्व सुरू झालं तेव्हाच ठरलं होतं. मी काय बोलू?”

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या हातून फोन घेतला. “त्याला मेमो द्या. आणि सांगा, तोही तेव्हाच ठरला होता.”

नवव्या गुरुवारी मी हे उत्तर वर्गात सांगितलं. कुणाचं ते सांगायचं राहून गेलं. बाई खूश झाल्या. “सुंदर. पण असंच उत्तर दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी देऊन ठेवलंय बरं.”

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, तुमच्या आधीच कुणीतरी म्हणून गेलंय म्हणे.

त्या काचेवरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, “असेल. त्याच्याही घरात शिकणारी सून असेल.”