अण्णांचा पांढरा ओटा

लॅमिनेटच्या दुकानात लोक रंगांची पुस्तिका चाळतात. गोपाळअण्णा खिशातून मोहरी काढतात. नमुन्याचा तुकडा आडवा ठेवायचा, त्यावर चिमूटभर मोहरी टाकायची, मग तुरीची डाळ, आणि चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचे. पंधराव्या नमुन्याला होसकोट्याच्या दुकानदाराने विचारलंच, "अण्णा, हे किराणा दुकान आहे का?"

"सरी, सरी. स्वल्प थांब," अण्णा म्हणाले, "जिरं राहिलंय."

'स्वल्प थांब', म्हणजे जरा थांब, हे ते सगळ्यांनाच म्हणतात. रिक्षावाल्याला म्हणतात, उतू जाणाऱ्या दुधालाही म्हणतात.

त्यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्यांचं आहे, की त्यांच्या मराठीत कन्नड कधी शिरली, 'बरं'चं 'सरी' कधी झालं, हे त्यांनाही सांगता येत नाही. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात साचे बनवून ते निवृत्त झाले. ते आणि त्यांच्या पत्नी अक्का खाली राहतात, मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. अन्याय दिसला की मला बोलावं लागतं, आणि एका सकाळी अण्णा स्वयंपाकघरातला धडधाकट काळा ग्रॅनाइटचा ओटा छिन्नीने उखडताना मला दिसले.

"अण्णा, या ओट्यावर अक्का इतकी वर्षं राबल्या. त्यांना विचारलंत?"

"नाही."

"म्हणजे राबायचं बाईने आणि ठरवायचं पुरुषाने?"

"सरी. त्याचं एक पत्रक काढ," अण्णा म्हणाले. "तोवर हे टोक धर."

मी धरलं. फार जड होतं.

मग बाकीचं कळलं. अक्कांच्या नजरेसमोर मधोमध धुरकट डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. इलाज नाही. मागच्या महिन्यात काळ्या ओट्यावरची काळी कढई न दिसून त्यांचं मनगट भाजलं. त्यांचा मुलगा किरण शहरातच, एचएसआर लेआउटमध्ये राहतो. त्याने फोनवर निर्णय दिला: पहिल्या तारखेपासून स्वयंपाकाला बाई, आईने गॅसजवळ जायचं नाही. कारखान्यातसुद्धा माणसाला काढण्याआधी नोटीस देतात.

"डॉक्टर म्हणतो दोष डोळ्यांत आहे," अण्णा म्हणाले. "मी म्हणतो ओट्यात आहे. काळ्यावर काळं कुणाला दिसतं?" किरणकडून त्यांनी रविवारपर्यंत मुदत घेतली. रविवारी आईच्या हातचं जेव, मग ठरव.

मोहरीने निवडलेला रंग पांढरा निघाला. प्लायवूडला आणि लॅमिनेटला, दोन्हींना पिवळा गोंद लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा आणि मग एकावर एक ठेवायचं. एकदा टेकलं की केसभरही हलत नाही. म्हणून मध्ये गोल दांडे ठेवून लॅमिनेट नीट बसवतात आणि एकेक दांडा काढून घेतात. अण्णांनी दांडे म्हणून शेजारपाजारची लाटणी गोळा केली. त्या दिवशी आमच्या गल्लीत तीन घरांत पोळ्या झाल्या नाहीत. कडेला त्यांनी गडद तपकिरी पट्टी लावली, म्हणजे ओटा कुठे संपतो ते अक्कांना दिसेल. कोपरे घासून इतके गोल केले, की त्यांच्यावर डोकं आपटलं तरी कौतुक वाटावं.

रविवारी किरण आला आणि हाताची घडी घालून स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसला. अक्कांनी ओट्यावर डाळ पसरली आणि तिच्यातला खडा बरोबर वेचला. सांडलेली मोहरी बोटाने गोळा केली. अण्णांनी माझ्याकडे निवडणूक जिंकल्यासारखं पाहिलं.

मग अक्कांनी चटणीसाठी खोबरं काढलं.

अण्णांनी नमुन्यांवर सगळं टाकून पाहिलं होतं. खोबरं टाकलं नव्हतं. पांढऱ्यावर पांढरं ठेवलं आणि अक्कांनी सुरी घ्यायला वळून पुन्हा पाहिलं, तेव्हा ते गेलेलं होतं. त्यांचा हात ओट्यावर हळूहळू फिरू लागला.

"छान दिसतंय हं सगळं," त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या. खोबरं त्यांच्या हातापासून वीतभर लांब होतं. किरणने हाताची घडी सोडली.

अण्णा उठले आणि अक्कांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"डावीकडे," ते पुटपुटले. "अजून दोन बोटं. आता पुढे."

"सरी," अक्का ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. खोबरं हाताला लागलं.

"अप्पा, काय पुटपुटताय?" किरणने वडिलांना विचारलं.

"ओटा तपासतोय. तू बस."

चटणी झाली. किरणने दोनदा भात घेतला आणि बाहेर जाऊन स्वयंपाकाच्या बाईला फोन करून नको म्हणाला.

नारळाशिवाय या घरात एक दिवस जात नाही. त्यामुळे आता रोज सकाळी खालून अण्णांचा आवाज येतो, "उजवीकडे. स्वल्प मागे."

"दिसतंय मला," अक्का म्हणतात, आणि पुढचं सांगेपर्यंत हात तिथेच थांबवतात.